चौघडीतला खालचा सूर

हॉटेलच्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. ओली असताना ती जड असते, इस्त्रीच्या रोलरमधून निघाली की हात पोळतील इतकी तापलेली असते, आणि एवढी ऐसपैस असते की चार टोकांना चार माणसं लागतात. आत्याच्या लाँड्रीत ही चार माणसं म्हणजे आत्या स्वतः आणि तिच्या भावाची तीन मुलं. वहिनी गेल्यावर भाऊ जहाजावर नोकरीला लागला. आधी वर्षातून एकदा यायचा, मग नुसता फोन यायचा, मग फोन करणंही त्याच्या जिवावर येऊ लागलं. मुलं आत्याच्या पदरात पडली ती पडलीच. आत्याने तक्रार केली नाही. केली असती तरी त्या रोलरच्या धडधडाटात ती ऐकू कुणाला येणार होती?

थोरला उंच आणि आळशी, मधली डावखुरी आणि अबोल, आणि धाकटीला गप्प बसणं हा प्रकारच ठाऊक नव्हता. लाँड्रीत रेडिओ टिकत नसे. वाफेने दोन मेले, तिसरा आणायची आत्याची इच्छा मेली. मग हे चौघं स्वतःच गाऊ लागले. रोलरचे दोन ठोके आणि वाफेचा एक फुस्कारा, एवढ्या तालावर धाकटी वरचा सूर धरायची, मधली मधला, थोरला कुठेतरी त्यांच्या आजूबाजूला, आणि सगळ्यांच्या खाली आत्या. आत्याचा आवाज असा घोगरा आणि भारदस्त, की फोनवर गिऱ्हाइकं तिला बेधडक ‘साहेब’ म्हणत. तीही ‘बोला’ म्हणून काम उरकून घ्यायची.

चादरीच्या घडीचा एकच नियम होता आणि तो आत्याने मुलांना अक्षरांच्या आधी शिकवला. एकाचं टोक खाली गेलं की बाकीच्या तिघांनी आपापली टोकं तेवढीच खाली न्यायची. चुकणाऱ्याला ओरडायचं नाही, त्याला सावरायलाही जायचं नाही, कारण एक जण खाली आणि तिघं वर ओढायला लागले की सुरकुती पडते, आणि सुरकुती पडली की हॉटेल चादर परत पाठवतं.

“वाकडं धरलं कुणी, तर चौघांनी वाकडं धरा,” आत्या म्हणायची. “मग ते सरळच असतं.”

गाण्यातही तेच झालं. थोरला ओळ विसरून दुसरंच काही म्हणाला की तिघी तेच म्हणत. कुणी सूर सोडला की सगळे त्याच्यामागे जात. कोण चुकलं हे कुणी कुणाला सांगत नसे, आणि काही वर्षांनी ते कुणाला कळेनासंही झालं.

एका संध्याकाळी ते हॉटेलात चादरी पोचवायला गेले, तेव्हा मॅनेजर मागच्या दारात घामाघूम उभा होता. हॉलमध्ये पाहुणे जमलेले, वादक बसलेले, आणि गाणारी बाई गाडी बंद पडून कुठल्यातरी रस्त्यावर अडकलेली. मॅनेजरने या चौघांना गाडीतून गाठोडी काढताना गाताना अनेकदा ऐकलं होतं. बुडत्याला काडीचाही आधार म्हणतात तशी त्याची गत. त्याने चौघांना ॲप्रनसकट स्टेजवर ढकललं.

धाकटी घाबरली. समोर एवढी माणसं, एवढे दिवे, आणि मुख्य म्हणजे रोलर नाही. वादकांची सुरुवात संपायच्या आतच तिने तोंड उघडलं. चांगली ओळभर आधी. वादकांनी चमकून वर पाहिलं, पण बाकीचे तिघं तोवर तिच्यामागे उडी टाकून मोकळे झाले होते, तेही इतके एकदम, की हॉलला वाटलं गाणं आहेच असं. वादकच मागे राहिल्यासारखे दिसले, आणि बिचारे धावत येऊन मिळाले. लोकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

त्या लोकांत एक जाड चष्म्याचा माणूस होता. तो रेकॉर्ड कंपनीचा निघाला. दोनच दिवसांत तो लाँड्रीत आला, वाफेने चष्मा धुरकटला तो पुसत रोलरशेजारी उभा राहिला आणि चौघांचं गाणं ऐकत राहिला.

“बाई, या गाण्याला सोल म्युझिक म्हणतात,” तो शेवटी म्हणाला. “माणसाच्या आतून येतं हे.”

“आम्ही याला सकाळची पाळी म्हणतो,” आत्या म्हणाली. “ते टोक धरा जरा, मोकळेच उभे आहात तर.”

त्याने धरलं. वाकडं धरलं. बाकीच्या तिघांनी लगेच आपली टोकं तशी केली, आणि चादर बिनसुरकुतीची झाली. चष्मेवाल्याला त्यातलं काही कळलं नाही, पण रेकॉर्ड मात्र त्याने काढली. गटाचं नाव धाकटीने ठेवलं, चौघडी.

पहिल्या रेकॉर्डवर धाकटीचं ते ओळभर आधी येणं तसंच ठेवलं होतं. लोकांना नेमकी तीच जागा आवडली. महिन्याभरात न्हाव्याच्या दुकानात, टॅक्सीत, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसांच्या ओठांवर तेच गाणं. शाळकरी मुली आरशासमोर मुद्दाम आधी तोंड उघडायची तालीम करू लागल्या. जी चूक घाबरल्यामुळे झाली, ती आता रोज न घाबरता करून दाखवायची वेळ धाकटीवर आली. तिने ती झकास निभावली.

दुसऱ्या रेकॉर्डच्या आधी चष्मेवाला पुन्हा लाँड्रीत आला. या वेळी मुलं नसताना आला, तेव्हाच आत्या काय ते समजली. बराच वेळ तो वाफेबद्दल बोलत राहिला.

“मुद्द्याचं बोला,” आत्या म्हणाली. “माझं पाणी उकळतंय.”

“कव्हरवरच्या फोटोत तिघंच घ्यावीत असं कंपनीला वाटतं. तरुण मुलं आहेत, लोकांना… म्हणजे तुमचा आवाज राहीलच! आवाज तर पाहिजेच. फक्त तुम्ही स्टेजवर जरा बाजूला, विंगेत…”

“माझं तोंड बघून कुणाला गाणं सुचणार,” आत्या म्हणाली. “ठीक आहे.”

हे ती हसत म्हणाली आणि चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला. पण तो गेल्यावर तिने एक आख्खी ट्रॉली उशांचे अभ्रे दुसऱ्यांदा धुतले. तिला फोटोचं काही नव्हतं. तिला भीती होती ती वेगळीच. मुलं मोठी झाली होती, घरात वेगवेगळ्या वेळी जेवत होती, वेगवेगळ्या गाड्यांनी फिरत होती. चौघं एका जागी एका श्वासात असत ती फक्त गाण्यात. तिथून टोक सुटलं, तर आपण या मुलांच्या कोण, हे तिला सांगता आलं नसतं.

तेव्हा विंग तर विंग. पडद्याआड एक खुर्ची, तिच्यासमोर माईक. गाणं सुरू होण्याआधी आत्या त्या माईकवर हलकेच खालचा सूर द्यायची, तो स्टेजवर मुलांच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून त्यांना ऐकू यायचा, आणि त्यावर तिघं आपले सूर मांडायची. प्रेक्षकांना ती दिसत नसे, मुलांना दिसे. गाणं सुरू करताना धाकटी दर वेळी मान वळवून विंगेत बघायची. त्या एका नजरेसाठी आत्या दिवसभर बसचा प्रवास करायला तयार होती, आणि करतही होती.

लाँड्री बंद झाली. हॉल मोठे होत गेले, बँड मोठा झाला, त्याला एक मास्तर आला. हा बँडमास्तर कानाचा तिखट आणि तोंडाचा त्याहून. एका तालमीत त्याने छडी आपटून गाणं थांबवलं.

“उतरलात,” तो म्हणाला. “चौघंही. पियानो कुठे, तुम्ही कुठे!”

“तुमचा पियानो चढलाय,” आत्या विंगेतून म्हणाली.

“पियानो चढलाय,” थोरला म्हणाला. मधलीने मान डोलावली. धाकटीने तर पियानोकडे अशा नजरेने पाहिलं, की वाजवणारा ओशाळला. पियानो लावणाऱ्याला बोलावणं गेलं. तो आला, तासभर एकेक पट्टी वाजवत बसला आणि पियानो ठणठणीत आहे असं सांगून चहा पिऊन गेला. त्यानंतर बँडमास्तर तिघांशी काहीतरी बोलत राहिला. आत्या आपली पिशवी आवरत होती.

पुढच्या दौऱ्यात पायाशी ठेवायचे स्पीकर गेले आणि मुलांच्या कानात बोंडाएवढी यंत्रं आली. “गर्दी फार ओरडते ना, म्हणून,” थोरल्याने सांगितलं. “बँड सरळ कानात ऐकू येतो. आणि तुझा सूरही त्यातच येतो.” आत्याला बरं वाटलं. थेट कानात म्हणजे जवळच झालं की! प्रत्येक कार्यक्रमानंतर थोरला विंगेत येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “आज सूर काय मिळाला, आत्या!” तो लहानपणी इतकं गोड कधी बोलला नव्हता. आत्याला वाटलं, नाव झाल्यावर मुलाला समज आली.

दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम सगळ्यात मोठ्या सभागृहात होता, आणि तो टीव्हीवर जसाच्या तसा दाखवत होते. पहिला भाग रंगला. मध्यंतरात मुलं मेकअपच्या खोलीत गेली. आत्या विंगेतच बसून गरम पाणी पीत होती, तेव्हा आवाजाचं काम बघणारा माणूस तिथे आला. नेहमीचा आजारी होता, हा बदली आलेला.

“मावशी, हा माईक हलवू का इथून? पायात येतोय. तसाही बंदच आहे.”

“बंद कसा असेल?” आत्या म्हणाली. “मी त्यातूनच गाते. तो मुलांच्या कानात जातो.”

“याची वायर कुठेच जात नाही,” तो म्हणाला, आणि त्याने पडदा बाजूला करून दाखवली. “आणि वायरची अशी घडी कोण घालतं? आतून तुटते अशाने.”

आवाजाची माणसं वायर गोल गुंडाळतात. ही गुंडाळलेली नव्हती. चार पदरी, चपटी घडी होती, शेवटचं टोक डावीकडून आत खोचलेलं. असं टोक डावीकडून खोचणारं माणूस आत्याला जगात एकच माहीत होतं, आणि त्याला तसं खोचू नकोस म्हणून तिने लहानपणी हजारदा सांगितलं होतं.

आत्या उठली. गरम पाण्याचा पेला तिने त्या माणसाच्या हातात दिला आणि ती मेकअपच्या खोलीत गेली. तिघं आरशासमोर बसली होती.

“वायर कुणी काढली?”

थोरला म्हणाला, “कुठली वायर?” मग त्याने तिचं तोंड पाहिलं आणि तो म्हणाला, “मी.”

“मी काढली,” मधली म्हणाली.

“मी,” धाकटी म्हणाली.

“तिघं मिळून कुणी वायर काढत नाही. पहिल्यांदा कुणी?”

मेकअप करणारी बाई ब्रश तिथेच टाकून बाहेर निघून गेली.

“मी,” धाकटीच म्हणाली. “दौऱ्याच्या पहिल्या दिवशी. मग ताईनं ती घडी घालून पडद्यामागे ठेवली.”

“आणि तू?” आत्याने थोरल्याला विचारलं. त्याचं काम काय होतं ते आत्याला कळलंच होतं. रोज येऊन खांद्यावर हात ठेवायचं काम.

म्हणजे सगळा दौरा. एवढी गावं, एवढे हॉल, एवढ्या बसगाड्या, आणि प्रत्येक ठिकाणी घसा शेकून, गरम पाणी पिऊन ती एका मेलेल्या माईकमध्ये जीव ओतत होती. तिला संताप आला. संतापाच्या आधी तिला लाज वाटली, आणि लाजेचाच जास्त संताप आला.

“शाब्बास,” ती म्हणाली. “एक सुरकुती पडू दिली नाहीत.”

“आत्या, तसं नको ना बोलूस.”

“मग कसं बोलू? तुम्हाला तोंड नव्हतं मला सांगायला?”

“काय सांगायचं?” धाकटी एकदम उसळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि काजळ गालांवर उतरलं होतं. “तू चुकतेस म्हणून? आपल्या घरात चुकलं म्हणून सांगायची पद्धत कुठे आहे? तूच नाही ठेवलीस. कुणी चुकलं की मागे जायचं, एवढंच येतं आम्हाला. आम्ही गेलो असतो गं तुझ्यामागे. मास्तर म्हणाला, पियानो कसा येईल मागे, तीस वादक कसे येतील?”

“आणि सांगितलं असतं तर?”

“तर तू आलीच नसतीस. मग मी विंगेत बघितल्यावर तिथं कोण असतं?”

आत्या खुर्चीवर बसली. आरशात चार चेहरे एका ओळीत दिसत होते, बऱ्याच वर्षांनी.

“मी उतरते का?” तिने विचारलं.

थोरला छताकडे बघू लागला. मधलीने बुटाची नाडी सोडून परत बांधली.

“हो,” धाकटी म्हणाली.

त्या कुटुंबात कुणी कुणाला असं पहिल्यांदाच सांगितलं होतं. सांगून झाल्यावर ती स्वतःच घाबरली.

“फार?”

“अर्धा सूर. कधी कधी जास्त.”

“तरीच तो पियानो चढलेला,” आत्या म्हणाली, आणि थोरल्याला हसू फुटलं, मग ते हसू कुठे ठेवावं हे त्यालाच कळेना. तेवढ्यात दुसऱ्या भागाची घंटा झाली.

धाकटी उठली. तिने कानातलं यंत्र काढलं आणि आरशासमोर ठेवलं. “मला नको हे. तू दे सूर, आत्या. जिथून देशील तिथून घेईन.” मधलीने लगेच आपलं काढलं. थोरल्याने क्षणभर विचार केल्यासारखं दाखवलं आणि मग त्यानेही काढलं. अडवायला तिथे दुसरं कुणी नव्हतं, आणि आत्या काही बोलायच्या आत तिघं स्टेजवर जाऊन उभीही राहिली.

दुसऱ्या भागाचं पहिलं गाणं बँडशिवाय सुरू व्हायचं. आधी नुसते आवाज, आणि दोन कडवी झाली की तीस वादक एकदम त्यात शिरायचे. आत्या विंगेत आली. दिवे मंद झाले. पाच हजार माणसं गप्प झाली, टीव्हीचा कॅमेरा धाकटीसमोर सरकत आला. धाकटीने मान वळवून विंगेत पाहिलं. तिचे कान मोकळे होते. दोघींत पाच-सहा हातांचं अंतर होतं. तेवढ्यावरून आत्याचा सूर तिला माईकशिवाय ऐकू गेला असता.

आत्याचा गळा तयार होता. नुसतं तोंड उघडायचं होतं. ती जिथून देईल तिथून मुलं उचलतील, तिच्याबरोबर खाली येतील, चौघांचं असं एक होईल की अंगावर काटा यावा. आणि दोन कडव्यांनी बँड शिरेल. मग सगळं जग ऐकेल, मुलं बेसूर झाली म्हणून. मुलं एका शब्दाने तक्रार करणार नाहीत. परतताना थोरला खांद्यावर हात ठेवून म्हणेल, सूर काय मिळाला.

आत्याने तोंड मिटलेलंच ठेवलं आणि पियानोवाल्याकडे बोट केलं. तो गोंधळला, पण त्याने एक पट्टी दाबली. सूर हॉलभर गेला. धाकटीने मान हलवली. नाही म्हणून. ती विंगेतच बघत राहिली. मधली आणि थोरलाही बघू लागले. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. बँडमास्तरने छडी खाली घेतली आणि डोळे मिटले.

आपण इथे उभं आहोत तोवर ही पोरगी दुसरीकडून सूर घेणार नाही, हे आत्याला स्वच्छ कळलं. हट्ट तिला कुणी शिकवला तेही कळलं. तिने धाकटीकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग ती वळली आणि पडद्यामागे गेली, कुणालाही दिसणार नाही अशी.

पियानोवाल्याने पट्टी पुन्हा दाबली. नंतरची शांतता आत्याला फार लांब वाटली. मग धाकटीचा आवाज आला, आधी थोडा कापरा, मग पक्का, अगदी पियानोच्या सुरावर. तिच्यामागून मधली आली, थोरला आला. चांगलं गात होती मुलं. आत्याने त्यांना बाहेरून असं कधी ऐकलंच नव्हतं. तिला भयंकर वाईट वाटत होतं, आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकाच वेळी सोसायला तिथे बसायला खुर्ची नव्हती.

ती पडद्याला पाठ टेकून उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. इतक्या वर्षांचा खालचा सूर आपोआप गळ्यातून वर यायला लागला होता, आणि पियानोच्या त्या एका पट्टीशेजारी तो उतरलेला आहे, हे आता तिलाही ऐकू येत होतं.